शहरातल्या बेघरांसाठी मंडळीची साप्ताहिक फेरी: कशी सुरू करावी, कशी टिकवावी

नाताळच्या आठवड्यात मुंबईत फुटपाथवर झोपणाऱ्या एकेका माणसाच्या उशाशी केकचे तीन-तीन पुडे जमतात. जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी त्याच माणसाकडे कोणी फिरकत नाही. तुमच्या मंडळीला (म्हणजे चर्चच्या सभासदांना) किंवा तरुण संघाला हे काम हाती घ्यायचे असेल, तर पहिला निर्णय हाच: वर्षातून एकदा तीनशे पाकिटे वाटायची, की दर आठवड्याला त्याच पंचेचाळीस माणसांना भेटायचे? पुढचे सगळे दुसऱ्या पर्यायासाठी लिहिले आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. सगळ्यांपर्यंत पोचणे एका मंडळीचे काम नाही, म्हणून आकड्याचे दडपण घेऊ नका.

इथली उदाहरणे भायखळा, मुंबई सेंट्रल आणि परळ या पट्ट्यातली आहेत. पुणे, नागपूर, नाशिकला तपशील थोडे बदलतील, पद्धत तीच.

आधी दोन आठवडे नुसते चाला

स्वयंपाकाची भांडी काढण्याआधी दोन आठवडे, वेगवेगळ्या चार वारी, रात्री साडेआठ ते साडेदहा या वेळेत ठरवलेल्या भागातून रिकाम्या हाताने फिरा. कोण कुठे झोपते, कुटुंबे कुठे, एकटे पुरुष कुठे, एकट्या बायका कुठे हे बघा. बायका बहुतेक उजेडात, पोलीस चौकी किंवा रुग्णालयाच्या दारापाशी झोपतात. अंधाऱ्या कोपऱ्यात शोधत बसू नका. दुसरे म्हणजे कोणत्या वारी कोण जेवण वाटून जाते ते विचारा. शनिवारी मारुतीच्या देवळापाशी, गुरुवारी साईभक्तांकडून, शुक्रवारी दर्ग्यापाशी, रविवारी चर्चवाल्यांकडून, असे बरेचसे वार आधीच भरलेले असतात. सोमवार ते बुधवार सहसा कोरडे जातात. मंडळीला रविवार सोयीचा वाटतो, पण त्या दिवशी तिसरी खिचडी गटारात जाते आणि सकाळी दुकानदार त्या लोकांवर ओरडतो. तुमच्यावर नाही, त्यांच्यावर.

या दोन आठवड्यांत वही-पेन बाहेर काढू नका. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आहे आणि त्याच्या व्याख्येत उदरनिर्वाहाचे दिसणारे साधन नसताना भटकणारा माणूसही बसतो. त्यामुळे अनोळखी माणूस नाव विचारून लिहू लागला की चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाची गाडी आली असे समजून लोक उठून जातात. एकदा उठलेला कोपरा परत बसायला महिना लागतो.

याच काळात पोलीस ठाण्याला आणि पालिकेच्या वॉर्ड कार्यालयाला (भायखळ्यासाठी ई वॉर्ड) मंडळीच्या लेटरहेडवर पत्र द्या: वार, वेळ, मार्ग, स्वयंसेवकांची संख्या, जबाबदार व्यक्तीचा फोन. पोच घ्या आणि तिची प्रत फेरीच्या पिशवीत कायम ठेवा. रेल्वे स्थानकाच्या आवारात वाटायचे असेल तर रेल्वेची वेगळी परवानगी लागते. सुरुवातीला आवाराबाहेरच थांबलेले बरे.

माणसे आणि मार्ग

सहा ते आठ जण पुरतात, त्यात निदान दोन महिला हव्यात. दहापेक्षा जास्त माणसे झाली की स्वयंसेवक एकमेकांशीच बोलत बसतात आणि रस्त्यावरच्या माणसाला मोर्चा आल्यासारखे वाटते. मार्ग दोन ते अडीच किलोमीटरचा, सात-आठ थांब्यांचा ठेवा. एक जण फेरीप्रमुख, दोघे वाढायला, एक प्रथमोपचाराला, एक वहीला, एक सामान आणि कचऱ्याच्या पिशवीला. प्रत्येकाने महिन्यातून निदान तीन फेऱ्या करायच्या. दर आठवड्याला नवे चेहरे आले तर ओळख कधीच होत नाही, आणि ओळख झाल्याशिवाय जखम दाखवायला कोणी पाय पुढे करत नाही.

मंडळीचा एकच फोन नंबर सगळ्यांना द्या, स्वतःचा खासगी नको. दागिने घालू नका. एकट्याने आडबाजूला जायचे नाही, पुरुषांनाही हा नियम लागू. नियमित येणाऱ्यांनी धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी.

पन्नास माणसांची खिचडी

मोजलेली माणसे पंचेचाळीस असतील तर पन्नासांचे करा. तांदूळ ४ किलो, मूगडाळ २ किलो, गाजर-दुधी-वाटाणा मिळून ३ किलो, तेल ६०० मिली, हळद ३० ग्रॅम, मीठ साधारण २०० ग्रॅम, पाणी २० लिटर. माणशी अर्धा किलोच्या आसपास शिजलेली खिचडी येते. एका मोठ्या पातेल्यापेक्षा दोन मध्यम पातेली घ्या. घरगुती शेगडीवर मोठे पातेले खाली करपते आणि वरचा तांदूळ कच्चा राहतो. तिखट कमी घाला: फुटपाथवरच्या बऱ्याच म्हाताऱ्यांचे दात गेलेले असतात, तोंड आलेले असते, आणि रात्री पाणी व संडास दोन्ही जवळ नसतात. ओले खोबरे घालू नका, उन्हाळ्यात त्यानेच सगळे आंबते.

वेळेचे गणित जास्त महत्त्वाचे. सव्वासातला गॅस बंद, झाकणबंद गरम डब्यात भरणे, साडेआठला पहिला थांबा, सव्वानऊपर्यंत जेवण संपलेले. शिजवल्यापासून पोटात जाईपर्यंत दोन तास, त्यापुढे नाही. भात कोमट राहिला की त्यात असे जिवाणू वाढतात ज्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून अन्न ६० अंशांच्या वर राहायला हवे. पाकिटे आधीच भरून ठेवू नका. आत वाफ साचते, पाणी सुटते, वास येतो. डब्यातून डावाने गरम वाढा. बऱ्याच जणांकडे स्वतःचा डबा किंवा ताटली असते, त्यातच वाढा. उरलेल्यांसाठी पत्रावळीचे द्रोण. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. दंड मंडळीलाच बसेल.

एप्रिल-मेमध्ये खिचडीऐवजी पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी न्या. दोनशे पोळ्या एका घरावर टाकू नका. दहा घरांनी वीस-वीस केल्या तर महिला मंडळाला तो जाच होत नाही. भाजीला बटाटे साडेसहा किलो.

सगळे शाकाहारीच ठेवा. नाताळातही. तुमच्या घरी त्या दिवशी बिर्याणी शिजत असेल, पण रस्त्यावर ‘यात काय आहे’ ही शंका एकाच्या मनात आली तरी पूर्ण मार्ग तुटतो. एकादशी, चतुर्थी, महाशिवरात्रीला केळी आणि भाजलेले शेंगदाणे जास्त घ्या. रमजानमध्ये काही जण जेवण सहेरीसाठी ठेवून देतात. खिचडी पहाटे चारपर्यंत टिकत नाही, त्यांना खजूर, केळी आणि पाव द्या.

परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर राहणारी माणसे वेगळी. ते बिहार, बंगाल, विदर्भातून उपचाराला आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. त्यांना भिकारी समजून बोललात तर ते दुखावतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती घटलेली असते. कापलेली फळे, कोशिंबीर, कच्चे काहीही देऊ नका. मऊ, ताजे, गरम तेवढे द्या. जेवणापेक्षा त्यांना राहण्याची जागा हवी असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि रुग्णालयाचा समाजसेवा विभाग यांची माहिती कागदावर लिहून सोबत ठेवा. गाडगेबाबांची दशसूत्री आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय शेजारी ठेवून वाचा. भुकेला, तहानलेला, उघडा, आजारी, निवारा नसलेला अशी जवळजवळ तीच यादी दोन्हीकडे आहे. मराठी मंडळीला हे काम परके वाटायचे कारण नाही.

थांब्यावर

गाडी पन्नास पावले अलीकडे उभी करा. खिडकीतून किंवा डिकीतून वाटायला लागलात की घोळका होतो, दांडगे पुढे येतात, आणि ज्याच्यासाठी आलात तो लंगडा म्हातारा मागे राहतो. उठता न येणाऱ्यांपासून सुरुवात करा, डबा त्यांच्यापर्यंत न्या. झोपलेल्याला उठवू नका, उशाशी अन्न ठेवू नका. उंदीर आणि कुत्री येतात.

अंथरूण हेच त्या माणसाचे घर, त्याची कड हा उंबरठा. चपलेने त्यावर पाय देऊ नका, विचारल्याशिवाय बसू नका. समोरून जा, वाकून किंवा उकिडवे बसून बोला. काका, मावशी, दादा, ताई, आजी म्हणा. वयाने लहान दिसला तरी ‘तू’ नको. सिग्नलवर गजरे विकणारी पारधी कुटुंबे, परभणी-जालन्याकडून नाक्यावर कामाला आलेली माणसे मराठीच बोलतात. हिंदीत सुरुवात करून त्यांना परप्रांतीय करू नका. ‘कामधंदा का करत नाही’ हा प्रश्न नवे स्वयंसेवक पहिल्याच दिवशी विचारतात. फुटपाथवरचे कितीतरी लोक हमाली, कचरावेचणी, केटरिंगची कामे करतातच. घरभाडे तेवढे परवडत नाही.

रोख पैसे कोणाला देऊ नका, एकदाही. एकाला दिले की पुढच्या आठवड्यात पन्नास जण मागतात आणि त्यावरून भांडणे होतात. एखाद्याला औषध काळात रोज जेवण हवे असेल तर जवळच्या खानावळीत मंडळीच्या नावे खाते उघडा.

फोटो काढायचे नाहीत. वर्गणीदारांना दाखवायला हवेत म्हणून पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार बघणारी समिती) आग्रह धरेल. त्यांना पातेल्याचा फोटो पाठवा.

कपडे मागवले की लोक फाटके स्वेटर आणि लग्नातले ब्लाउज आणून देतात. खरी गरज नव्या अंतर्वस्त्रांची, नाडीच्या पँटची, साडीची, सॅनिटरी पॅडची, छोट्या साबणाची आणि चपलांची असते. मुंबईत घोंगडीपेक्षा पावसाळ्यात ताडपत्री आणि एरवी चादर उपयोगी पडते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ब्लँकेट हवेच. जड ब्लँकेट मात्र दिवसा ठेवायला जागा नसल्याने चोरीला जाते किंवा पालिकेच्या गाडीत जाते. सगळ्यांत उपयोगी आणि स्वस्त वस्तू म्हणजे गळ्यात अडकवायची, पाणी न शिरणारी चेनची छोटी पिशवी. आधार कार्ड, केसपेपर, मुलाचा जन्मदाखला तिच्यात राहतो. पहिल्या पावसाच्या आधी ती प्रत्येकाला द्या.

वही

महिन्याभराने, परवानगी विचारून, वही सुरू करा. नाव (सांगतील तेच), जागेची खूण, अंदाजे वय, तब्येत, आणि शेवटचा रकाना ‘आपण काय कबूल केले, कोण करणार, कोणत्या तारखेला’. हा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, खोटा राहिला तर चालत नाही. ‘बघतो’ हा शब्द रस्त्यावर वापरू नका, माणूस आठवडाभर वाट बघतो. आधार क्रमांक, आजाराचे नाव, फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकू नका.

फेरीनंतर वीस मिनिटे बसून वही वाचा. दुसऱ्या दिवशी किंवा गुरुवारी दोन जणांनी दिवसा त्या कामांसाठी निघायचे: रुग्णालय, बँक, निवारा. खरे काम या दिवसाच्या फेरीत होते. हे दोघे मिळत नसतील तर रात्रीची फेरी पंधरवड्याला करा, पण दिवसाची सोडू नका.

प्रार्थना आणि पत्रिका

जेवणासोबत पत्रिका, वचनांचे कार्ड, मंडळीचा बॅनर, माइक, गाणी यांतले काही नाही. जेवणाआधी सामूहिक प्रार्थना घेऊ नका. भुकेल्या माणसाने डोळे मिटले तर ते प्रार्थनेसाठी की भातासाठी, हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही नाही. शिवाय आमिष दाखवून धर्मांतर करता असा आरोप यायला एक व्हिडिओ पुरतो, आणि त्याची झळ तुम्ही निघून गेल्यावर त्या फुटपाथला बसते.

कोणी स्वतःहून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणाले तर जरूर करा. थोडक्यात, हळू आवाजात, शेजारी बसून. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारा. बरे होण्याचे आश्वासन देऊ नका, आणि ‘आता गोळ्यांची गरज नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडून निघाले तर त्या स्वयंसेवकाला त्याच दिवशी थांबवा. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. नवा करार कोणी मागितला तर वेगळ्या दिवशी, अन्नाविना, हातात द्या. उपासनेला यायचे असेल तर वेळ सांगा, जशी शेजाऱ्याला सांगाल तशी.

कोणी अडवून जाब विचारू लागले तर वाद घालू नका, मोबाइल उगारू नका. पोच दाखवा, वाढणे थांबवा, गरज पडली तर ११२ लावा आणि निघा. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी परत या.

आजार, जखमा, नशा

पेटीत सलाइनची बाटली, निर्जंतुक गॉझ, बँडेज, हातमोजे, मास्क, ओआरएस, कात्री. एवढेच. दुखण्याच्या गोळ्यासुद्धा वाटू नका. कोणाला काय चालत नाही हे तुम्हाला ठाऊक नसते.

पायाची जखम सलाइनने धुवा, कोरडा गॉझ, सैल पट्टी. जखमेत अळ्या दिसल्या तर त्या काढत बसू नका, झाकून रुग्णालयात न्या. मधुमेहींच्या तळपायाची जखम दुखत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते आणि पाय जातो. न दुखणारी जखम जास्त गंभीर धरा. फिकट, बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, औषध मोफत आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी. क्षयाचे निदान झाल्यास सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार काळात दरमहा १,००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात येतात, आणि खाते नसल्यानेच बेघरांचे ते राहून जातात. खाते उघडून देणे हे दहा डबे खिचडीपेक्षा मोठे काम.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला पोटभर वाढू नका. आधी ओआरएस, थोडी पेज, मग डॉक्टर. ओआरएस संपले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. रोज पिणाऱ्याला ‘आजपासून दारू बंद’ अशी शपथ घालू नका. अचानक बंद केल्यास हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवही जातो. ती सोडवायची असेल तर रुग्णालयाच्या देखरेखीखाली.

रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करताना पत्ता नको, खूण सांगा: पुलाचा खांब क्रमांक, दुकानाची पाटी. रुग्णवाहिकेत एक जण सोबत जा. केसपेपर काढून समाजसेवा अधीक्षकांना भेटा. नातेवाईक नसलेल्या रुग्णाची औषधे, रक्त, पुढची सोय त्यांच्याकडून होते. मात्र नातेवाईक म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही करू नका.

मानसिक आजाराने भटकणाऱ्या व्यक्तीला स्वतः गाडीत घालून आश्रमात नेऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. कोठडीत ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात कलमाचा आकडा सांगितला की बोलणे लवकर संपते. पुढे घरी पोचवण्यासाठी कर्जतचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र, निराधार आजाऱ्यांसाठी भायखळ्याचे आशादान, पनवेलचा सील आश्रम, अशा संस्थांना आधी फोन करून जागा विचारा. दारात नेऊन सोडून येणे हा त्या माणसावर आणि संस्थेवर दोघांवर अन्याय.

एकटे मूल दिसले तर १०९८ या बाल मदतवाहिनीला फोन करा. बाल न्याय कायद्यानुसार ते २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे जायला हवे. घरी, चर्चमध्ये, ओळखीच्या वसतिगृहात ठेवणे हेतू कितीही चांगला असला तरी गुन्ह्यात मोडू शकते. व्हाइटनर हुंगणाऱ्या मुलाच्या हातातली चिंधी हिसकावू नका, तो रस्त्यात धावतो. एकट्या वृद्धांसाठी मदतवाहिनी १४५६७.

कागद आणि निवारा

सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बारमाही, चोवीस तास चालणारा एक निवारा असावा असे सांगितले आहे. मुंबईत प्रत्यक्षात तेवढे नाहीत. आपल्या भागातले निवारे दिवसा जाऊन बघा: कुटुंब घेतात का, आजारी चालतो का, रात्री किती वाजता दार बंद होते. हे न बघता रात्री अकराला एखाद्या मावशींना घेऊन गेलात आणि दार उघडले नाही, तर त्या पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

मतदार यादीसाठी बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये झोपण्याच्या जागेची खूण लिहायची. बीएलओने (मतदार यादीचे काम बघणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री तिथे येऊन तो माणूस खरेच तिथे झोपतो याची खात्री करायची, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. बीएलओला हे अनेकदा ठाऊक नसते, नियमाची छापील प्रत न्या. आधारसाठी लोकप्रतिनिधी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. संजय गांधी निराधार योजनेला राज्यात १५ वर्षे राहिल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे तो अर्ज कागद जमल्यावरच भरा.

खंड पडला तर

परीक्षा, मे महिन्याची सुट्टी, मुसळधार पाऊस यांमुळे फेरी चुकणारच. चुकणार असेल तर आदल्या आठवड्यात प्रत्येक थांब्यावर सांगा. अचानक चुकली तर पुढच्या वेळी पहिल्याच वाक्यात माफी मागा, कारण काही जणांनी त्या रात्री दुसरीकडे जेवायला जाणे टाळलेले असते. सलग तीन फेऱ्या स्वयंसेवक मिळाले नाहीत तर मार्गातले लांबचे दोन थांबे कमी करा, वार बदलू नका. आणि नाताळच्या आठवड्यात केक घेऊन निघायच्या आधी वहीतला शेवटचा रकाना वाचा; कोणाच्या तरी चष्म्याचे कबूल केलेले अजून राहिलेले असते.